सुलभाताईंचे फ्लॉडन

मिरजेत वाढलेल्या आणि जपानमधल्या सेंदाईत बावीस वर्षे मातीचा अभ्यास केलेल्या एका मराठी बाईंनी पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज आणि स्कॉट सैन्यांमधल्या एका लढाईचा एवढा ध्यास का घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. प्रश्न मी त्यांना समक्ष तीन वेळा विचारला होता. तिन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिले, "माझा एक बूट राहिलाय तिथे." उत्तर खरे होते; पण पुरेसे नव्हते.

सुलभा ताम्हनकर यांना त्यांच्या संस्थेत 'ताम्हनकर-सान' म्हणत आणि आम्ही मराठी मंडळी 'सुलभाताई' म्हणत असू. मी पुण्यात भूगोल शिकवत होतो. पत्नीला सेंदाईच्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले, तेव्हा नोकरी सोडून तिच्यासोबत आलो आणि येथे दर शनिवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग घेऊ लागलो. वर्ग टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याजवळच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात भरत असे. सुलभाताई मला पहिल्याच दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागल्या. बारा मुलांसमोर हातात खडू धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही म्हणणे त्यांना पटले नसते.

त्या ठेंगण्या होत्या. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. सायकलवरून येत. सायकलच्या टोपलीत बारा महिने गमबूट असत. लख्ख ऊन पडलेल्या एका दिवशी मी त्यांना म्हणालो, "ताई, आज कशाला? आभाळ तर स्वच्छ आहे."

"आभाळ वर आहे, मास्तर. खाली काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मसाल्यांच्या बरण्यांशेजारी मातीच्या बरण्या होत्या. मिरजेची काळी, सेंदाईच्या भातखाचरातली राखाडी, कुठल्या तरी डोंगरावरची तांबडी. एकदा त्यांनी मला आमटीत काळा मसाला घालायला सांगितले आणि मी चमचा मिरजेच्या मातीत घातला. "घाला, घाला," त्या गॅसजवळूनच म्हणाल्या, "माहेरची आहे. पोटाला त्रास देणार नाही." त्याच मातीविषयी त्या सांगत की पावसाळ्यात शाळेतून घरी येईपर्यंत ती पायाला आणखी एक चप्पल चढवते. "लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे जमीन माणसाचा पाय धरते. नंतर कळलं, धरते सगळीकडेच. काही ठिकाणी आधी सांगत नाही, इतकंच."

फ्लॉडनच्या त्या लढाईचा संबंध येथे येतो. तरुणपणी सुलभाताई दोन वर्षे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ संशोधनासाठी राहिल्या होत्या. एका रविवारी त्या ही रणभूमी पाहायला गेल्या. १५१३ सालच्या सप्टेंबरात स्कॉटलंडचा राजा मोठे सैन्य घेऊन इंग्लंडच्या हद्दीत उतरला होता आणि त्याने फ्लॉडनची टेकडी अडवून धरली होती. इंग्रज सैन्य लांबचा वळसा घेऊन त्याच्या पाठीमागे, उत्तरेकडून आले. राजाने शेजारच्या उंचवट्यावर मोर्चा वळवला आणि तेथून उतारावरून हल्ला चढवला. त्याच्या सैनिकांकडे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे भाले होते. शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून, एका चालीने चालली, तर अशा भाल्यांपुढे कोणी टिकत नसे. पण उताराच्या तळाशी एक ओहोळ होता आणि त्याच्या काठची जमीन पावसाने मऊ झाली होती. तेथे चाल मोडली, रांगा विस्कटल्या. मग लांब भाला हे ओझे ठरले आणि इंग्रजांची अडीच मीटरची कोयतीसारखी हत्यारे भारी पडली. संध्याकाळपर्यंत राजा पडला होता. त्याच्यासोबत स्कॉटलंडच्या सरदारघराण्यांतली एक अख्खी पिढी पडली.

"मी त्याच उंचवट्यावर उभी राहिले," सुलभाताई सांगत. "खाली गुळगुळीत हिरवा उतार. ओहोळ दिसतच नाही. जमिनीची घडीच अशी आहे की तळ लपतो. मी मातीची विद्यार्थिनी, म्हटलं, काही नाही, कोरडं आहे. चालत गेले. डावा बूट तिथेच राहिला. मोज्यावर बसस्टॉपपर्यंत आले."

त्या हे हसत सांगत. पण त्यानंतर हमखास गंभीर होत. "इतिहासकार पुष्कळ कारणं देतात. तोफा, वारा, सेनापती. सगळी मोजा. फक्त चिखल विसरू नका."

एप्रिलच्या एका शनिवारी ही लढाई त्यांनी आमच्या वर्गात आणली. भाले वस्ती मंडळाचे अध्यक्ष कान्नो-सान यांनी दिले. ते ऐंशीच्या घरातले, पूर्वीचे शेतकरी. त्यांच्या घरामागे बांबूचे बन होते. सुलभाताईंनी साडेपाच मीटरचे आठ बांबू मागितले, तेव्हा त्यांनी विचारले, "कपडे वाळत घालायला?"

"नाही. लढाईला."

"बरं," म्हणून त्यांनी मान लववली आणि दुसऱ्या दिवशी आठ बांबू टोके घासून आणून दिले.

कोमिनकानमागे गवताचा उतार आहे. त्याच्या तळाशी लहान मुलांचे वाळूचे मैदान. सुलभाताईंनी त्यात माती कालवून बादल्यांनी पाणी ओतले. आठ मुले बांबू घेऊन वर उभी राहिली. चार मुले केरसुण्या घेऊन खाली, ते इंग्रज. केरसुणीवाल्यांत नऊ वर्षांची अन्वी होती. ती सेंदाईतच जन्मलेली. तिला मराठी सगळे समजते. पण उत्तर ती जपानीत देते.

"चला, एका चालीत. एक, दोन," सुलभाताई ओरडल्या.

"ओमोई!" बांबूवाले ओरडले. जड आहे, असा त्याचा अर्थ. तरी ते झकास उतरले. पहिली रांग चिखलात शिरली आणि थांबली. मागची रांग तिच्यावर आदळली. आठही बांबू आठ दिशांना गेले. अन्वी शांतपणे चालत गेली, पहिल्या मुलाच्या पोटाला केरसुणी टेकवून म्हणाली, "कात्ता!" म्हणजे जिंकलो.

सगळे हसले. मग अन्वीने विचारले, या वेळी मराठीत, "राजा बावळट होता का?"

सुलभाताई गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या उंचीइतक्या वाकल्या. "नाही. हे आधी लिही. राजा हुशार होता. अनेक भाषा यायच्या त्याला. त्याच्या जहाजांचं कौतुक व्हायचं. हत्यारं नवी होती. तो फक्त आधी एकदा उतार उतरून पाहून आला नव्हता. हुशार माणसालाही वरून सगळं दिसत नाही."

हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. दोन महिन्यांनी ते त्यांच्यावरच उलटले.

कोमिनकान ओढ्याकाठी असल्यामुळे मोठ्या पावसात ते आणि पायथ्याची घरे रिकामी करून समोरच्या टेकडीवरच्या शाळेत जायचे, असा वस्तीचा नियम आहे. शाळेकडे दोन वाटा जातात. एक डांबरी रस्ता. तो वळसा घेतो आणि शेवटी चांगलाच चढतो. चालायला नऊ मिनिटे लागतात. दुसरी पायवाट, ती मधल्या खोलगट भागातून, जुन्या भातखाचरांवरून, चार मिनिटांत पोहोचवते. वस्ती मंडळाच्या नकाशावर सुटकेचा मार्ग म्हणून ही पायवाट दाखवलेली होती. आखणी कान्नो-सान यांची. सुलभाताईंना ती वाट धोक्याची वाटत होती. येत्या मार्चमध्ये निवृत्त होऊन त्या मिरजेला परतणार होत्या. त्याआधी हा मार्ग बदलायचाच, असे त्यांनी ठरवले होते. "बारा पोरं आहेत, मास्तर. मी गेल्यावर कोण भांडणार?"

जूनमधल्या सभेत त्यांनी रंगीत नकाशा भिंतीवर लावला. पूर्वेच्या टोकाला, जेथे पायवाट नाल्याला छेदते, तेथे तांबडा भाग रंगवला होता. पावसात जमीन येथे खचेल, असे त्यांनी अर्धा तास समजावले. जपानी उत्तम होते, युक्तिवाद नेटका होता.

कान्नो-सान शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी अगदी सौम्य आवाजात विचारले, "ताम्हनकर-सान, पावसात तुम्ही तिथे चालला आहात का?"

जपानी सभेत असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर ज्याला विचारला त्याला पळवाट ठेवूनच विचारतात. येथे पळवाट नव्हती. सुलभाताईंनी फेब्रुवारीत, जमीन गोठलेली असताना, तीन ठिकाणी मातीचे नमुने घेतले होते. बाकीचा अंदाज जुन्या नकाशावरून आणि टेकडीवरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बांधला होता. हे मला ठाऊक होते, कारण नमुन्यांच्या पिशव्या मीच धरल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी वरून पाहिलं." आणि त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. नकाशा स्वतःच्या हाताने काढून गुंडाळला.

परतताना त्या सायकल हातात धरून चालत होत्या. चढावर थांबून म्हणाल्या, "फळ्यावर लिहिलेलं पुसलं नाहीत ना?"

"नाही."

"पुसू नका. माझं नाव घाला त्याखाली."

पुढच्या शनिवारी सकाळपासून पाऊस होता. वर्गाऐवजी आम्ही खोलगटात गेलो. कान्नो-सानही आले, बांबू घेऊन. त्यांचे म्हणणे होते की पायवाट त्यांच्या वडिलांच्या बांधावरून जाते आणि तो बांध चाळीस वर्षे पावसाला पुरून उरला आहे. सुलभाताईंना अजूनही नाल्याचीच शंका होती. मुले कडेला छत्र्या घेऊन उभी. मोजमापाची वही माझ्याकडे.

नाल्याजवळची जमीन टणक निघाली. नगरपालिकेने तेथे खाली दगडगोटे भरले होते. "चूक," सुलभाताई मोठ्याने म्हणाल्या. "मास्तर, लिहा. ताम्हनकर चूक." कान्नो-सान किंचित हसले आणि आपल्या बांधाकडे ऐटीत निघाले. तीस पावलांवर सुलभाताईंचा उजवा पाय नडगीपर्यंत खाली गेला. त्यांना धरायला कान्नो-सान पुढे झाले आणि त्यांचाही पाय गेला. दोन म्हातारी माणसे भर पावसात एका बांबूला धरून उभी होती आणि दोघांनाही हलता येत नव्हते.

"काकूंचा बूट!" अन्वी किंचाळली.

"असू दे," सुलभाताई ओरडल्या. "प्रत्येकाचं एक फ्लॉडन असतं!"

आम्ही दोघांना बाहेर काढले. बूटही निघाला. कान्नो-सान गुडघ्यावर बसून चिखलाकडे पाहत राहिले. मग टेकडीच्या अंगावरच्या नव्या घरांकडे त्यांनी बोट दाखवले. त्या घरांचे पावसाचे पाणी जमिनीखालून याच बाजूला येत होते. त्यांचा बांध खरा होता. तो जुन्या जमिनीवरचा होता. "माझे पाय चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत," ते म्हणाले.

यानंतर वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि त्याचे खरे कारण तेव्हा कळले. कान्नो-सान यांची पत्नी फुमिको-सान चाकाच्या खुर्चीत असत. पायवाटेचा चढ अगदी सौम्य होता. तिच्यावरून ते एकटे खुर्ची ढकलू शकत. डांबरी रस्त्याचा चढ त्यांना एकट्याने जमणारा नव्हता. "तुमची मुलं वळसा घेऊन धावत जातील," ते म्हणाले. "आम्ही दोघं कुठून जायचं?"

सुलभाताई चिखलाच्या हातांनीच माझ्याकडे वळल्या. "वहीचं कोरं पान काढा."

त्या पानावर त्यांनी मराठी मंडळातल्या आठ घरांची नावे लिहिली. दर आठवड्याला दोन घरांकडे खुर्चीची पाळी. पावसाचा इशारा आला की त्या दोन घरांतल्या धडधाकट माणसांनी कान्नो-सान यांच्या दारात हजर व्हायचे. कोणाला विचारलेही नाही. "विचारते आहे मी त्यांना," त्या म्हणाल्या, "आधी नाव लिहून." जुलैच्या सभेत डांबरी रस्त्याचा मार्ग मंजूर झाला. नकाशाच्या खाली खुर्चीच्या पाळीचे कोष्टक छापले गेले, आठ मराठी आडनावे जपानी लिपीत.

सप्टेंबरात दोन दिवस सलग पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकदमच इशारा वाजला. मी वर्गातल्या मुलांच्या घरी फोन लावत पायथ्याशी पोहोचलो, तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी सुलभाताई उभ्या होत्या. कान्नो-सान यांचा बांबू त्यांनी वाटेवर आडवा धरला होता. सवयीने इकडे वळणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणत, "कोचिरा जा नाइ देस. इकडून नाही." दोन्ही भाषांत, एकाच दमात.

खुर्ची ढकलायला मराठी मंडळातले दोन संशोधक होते, दोघेही धापा टाकत. कान्नो-सान छत्री धरून शेजारून चालत होते. चढाच्या मध्यावर फुमिको-सान म्हणाल्या, "लग्नातसुद्धा माझी अशी मिरवणूक निघाली नव्हती."

सगळे शाळेत वेळेवर पोहोचले. कोणालाही इजा झाली नाही. पाऊस ओसरल्यावर कान्नो-सान आणि मी खोलगट पाहायला गेलो. बांध दिसत नव्हता. त्यांनी कडेवरून बांबू रोवून पाहिला; तो त्यांच्या गुडघ्याच्या वरपर्यंत गेला. त्यांनी त्या ओल्या खुणेवर अंगठा ठेवला. मग त्यांनी मला विचारले, "त्या हरलेल्या देशात दर वर्षी हद्द फिरतात, असं ताम्हनकर-सान सांगत होत्या ना?"

तसे आहे. सरहद्दीवरच्या काही स्कॉट गावांत अजून दर उन्हाळ्यात लोक घोड्यांवर बसून गावाची हद्द फिरून येतात. त्यांतल्या एका गावात फ्लॉडनची आठवण जागवतात. तेथून गेलेल्यांपैकी एकच माणूस शत्रूचा झेंडा घेऊन परतला, अशी तेथे आख्यायिका आहे. रणभूमीवर आज जो दगडी क्रूस आहे, तो दोन्ही देशांच्या वीरांसाठी आहे. पराभवाचा वारसा म्हणजे केवळ शोक नव्हे. आपली जमीन पुन्हा पुन्हा पायाखाली घालण्याची सवय हाही वारसा असू शकतो, असे सुलभाताईंनी मुलांना सांगितले होते. कान्नो-सान यांनी ते लक्षात ठेवले होते. जूनच्या पहिल्या शनिवारी, पावसाळ्याआधी, सगळ्या वस्तीने सुटकेचा मार्ग चालायचा, असा ठराव त्यांनीच मांडला. आता तो दर वर्षी पाळला जातो. पुढे अन्वी असते, हातात केरसुणी घेऊन. कोणी तिला सांगितलेले नाही.

मार्चमध्ये सुलभाताईंच्या निघण्याच्या दिवशी सामान उतरवायला मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडे होते. फळीवरच्या मातीच्या बरण्या संस्थेला दिल्या होत्या. बॅगा भिंतीशी लावलेल्या होत्या. टॅक्सीला वीस मिनिटे होती आणि ताई घरात नव्हत्या. मी खिडकीशी गेलो. खाली खोलगटात त्या आणि कान्नो-सान उभे होते. दोघेही मला कमरेपर्यंतच दिसत होते. त्याखालचे काही नाही. जमिनीच्या घडीने पाय गिळले होते. ते कोरड्यावर उभे आहेत की चिखलात, हे त्या खिडकीतून मला सांगता आले नसते. बावीस वर्षे त्यांनाही ते सांगता आले नव्हते.

मी जिना उतरून खाली गेलो.

पायवाटेच्या तोंडाशी त्यांनी बांबू रोवला होता. त्याच्या टोकावर त्यांचा उजवा गमबूट उलटा घातलेला होता. सुलभाताई पायात साधे बूट घालून उभ्या होत्या. डावा गमबूट हातात होता.

"ही पाटी कशाची?" मी विचारले.

"वाचता येणाऱ्यांसाठी पाटी लिहितात, मास्तर. ही सगळ्यांसाठी आहे."

"आणि हा?"

"मिरजेला नेते. एकच बूट कशाला, असं तिथे कोणी तरी विचारेलच. मग बसवून सांगते."

कान्नो-सान यांनी वाकून नमस्कार केला. सुलभाताईंनीही केला. त्या वळल्या, दोन पावले चालल्या, आणि तिसरे टाकण्याआधी टाचेने जमीन दाबून पाहिली.

प्रश्नाचे उत्तर मला जसे सापडले तसे मांडले आहे. सुलभाताईंना ती लढाई प्रिय होती, कारण तीत हुशार माणूस न उतरता निर्णय घेतो आणि हरतो, आणि तसे आपणही करू शकतो हे त्यांना एकदाही विसरायचे नव्हते. मी मात्र भूगोलाचा शिक्षक आहे. नकाशांवर विश्वास ठेवायला मी अनेक वर्षे शिकवले आहे. म्हणून वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरापासून सुरक्षित जागेपर्यंतची वाट एकदा पावसात स्वतः चालून पाहावी, आणि मी लिहिले आहे ते खरे आहे का, ते तपासावे.